मिस्तरींचा लाल ठिपका

आमच्या घरी ज्या ज्या वस्तूला नट आहे, त्या त्या वस्तूवर एक लाल ठिपका आहे. शिवणाच्या मशीनच्या पायपट्टीवर आहे, पंख्याच्या दांडीवर आहे, कुकरच्या मुठीवर आहे. इंदूरच्या नंदानगरात आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, बाई भलतीच देवभोळी दिसते, सगळ्याला कुंकू लावून ठेवलंय. देवभोळी मी आहेच. पण ते ठिपके माझे नाहीत, ह्यांचे आहेत. आणि कुंकवाचे नाहीत, गेरूचे आहेत. लग्नानंतर बावीस वर्षं मलाही हा फरक ठाऊक नव्हता, आणि त्यापायी एका माणसाच्या जिवावर बेतलं होतं. ते सांगायचं तर आधी ह्यांच्याबद्दल सांगायला हवं.

ह्यांचं नाव पंढरीनाथ टोकेकर. तोंडाने मी ते उखाण्याशिवाय घेतलेलं नाही, लिहायला हरकत नाही. अठराव्या वर्षी मिलमध्ये लागले, सूत कातायच्या खात्यात, फिटर म्हणून. हाताखाली घेणारे होते खात्याचे मुकादम, लक्ष्मीकांत जॉबर. मोठे कडक. ह्यांना त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे मशीन ऐकायचं. लाकडी दांडीचं एक टोक मशीनला टेकवायचं, दुसरं कानाला, आणि सुताच्या चारशे चात्या फिरत असताना त्यातली आजारी कुठली ते सांगायचं. दुसरी म्हणजे तो ठिपका. मिलमध्ये ह्यांचा कान प्रसिद्ध होता. रात्रपाळीला काही अडलं की मॅनेजर घरी माणूस पाठवायचा, "टोकेकर को बुलाओ, कान लेके आए." हे ऐकून मला काय वाटायचं ते मीच जाणे. शेजारच्या सखूबाईच्या मालकांना कधी कुणी घरी बोलवायला आलं नव्हतं.

एक्क्याण्णवच्या डिसेंबरात मिलचा भोंगा वाजायचा थांबला. आमची सगळी गल्ली त्या भोंग्यावर चालायची. पहिल्या भोंग्याला माझा भात चुलीवर, दुसऱ्याला ह्यांचा डबा हातात. मिल बंद झाली तरी हे साडेपाचला उठत, अंघोळ करत, आणि कपडे करून दारात उभे राहत. जायचं कुठे ते नसे. मग घरातलं एकेक काढून उघडत, पुसत, आवळत, ठिपका लावत. घरातलं संपलं तेव्हा गल्लीतलं सुरू झालं. सखूबाईला तोंड आवरत नाही. म्हणाली, "मिस्तरी, आमच्या म्हातारीच्या कवळीला पण एक ठिपका लावून द्या ना!" हे हसले. मी हसले नाही. मी रोज रात्री वहीत दोन ओळी लिहिते, त्या दिवशी फक्त एवढंच लिहिलंय: 'आज सखूबाईशी बोलले नाही.'

पुढची चार-पाच वर्षं ह्यांनी कूलर दुरुस्त केले. गावातल्या भंवरकुआं भागात कोचिंगच्या पोरांसाठी हॉस्टेलं निघत होती, खोलीगणिक कूलर. काम होतं, पण कानाला काही काम नव्हतं. कूलरचं काय ऐकायचं? तो सगळ्यांना ऐकू येतो.

शहाण्णवच्या पावसाळ्यानंतर मालोजीराव आले. मालोजीराव म्हणजे सियागंजमध्ये ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे ते. वय तेव्हा पस्तिशीचं, घरचं बरं, आणि डोक्यात एक खूळ. त्यांनी मद्रासहून रेसची गाडी विकत आणली होती, जुनी, एकच सीट असलेली. दुकानामागच्या गोदामात ताडपत्रीखाली ठेवली होती.

"मिस्तरी, तीन मेकॅनिकला दाखवली," ते ओट्यावर बसून म्हणाले. "एक बोलला इंजिन, एक बोलला गिअर, आणि तिसरा बोलला, भिया, बेच दो. शंभरच्या पुढे नेली की सगळं अंग थरथरतं. कुणीतरी सांगितलं तुम्ही मशीन ऐकता."

ह्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली, आणि माळ्यावरून ती लाकडी दांडी काढली. पाच वर्षांत मी ती जागची हललेली पाहिली नव्हती.

अर्ध्या तासात सांगितलं, "इंजिन ठणठणीत आहे. मागचं डावं बेअरिंग रडतंय." बेअरिंग बदललं. मालोजीरावांनी पहाटे पीथमपूरच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी नेली, परत आले ते थेट आमच्याकडे, पोहे-जलेबी घेऊन. "वहिनी, तोंड गोड करा. आणि मिस्तरींना उद्यापासून माझ्याकडे पाठवा."

मी गाडी पाहिली ती दिवाळीत. मला वाटलं होतं चांगली चकचकीत मोटार असेल. हे तर होडीसारखं काहीतरी, वर छप्पर नाही, दार नाही, चाकं अंगाबाहेर काढलेली, खेकड्यासारखी. मालोजीराव आत कसे बसतात ते दाखवायला सरळ सीटवर बूट ठेवून उतरले. मी म्हटलं, "अहो, बसायच्या जागेवर पाय?" तर म्हणाले, "वहिनी, दुसरा रस्ताच नाही!" आत मारुती मोटारीचंच इंजिन, पण पाठीमागे बसवलेलं. बसणाऱ्याचं बूड जमिनीपासून वीतभर. चाकांना धरून ठेवायला बारीक लोखंडी हात, माझ्या बांगडीएवढ्या जाडीचे, आणि प्रत्येक हाताला दोन्ही टोकांना नट. हे म्हणाले, "ह्या गाडीत नटाशिवाय दुसरं काही नाही असंच समज. एक सुटला तर चाक सुटलं."

रस्त्यावरची मोटार लोक वर्षानुवर्षं चालवतात नि विसरून जातात. हिचं तसं नाही. अर्धा तास पळवली की दोन दिवस उघडायची. चाकं काढायची, ते लोखंडी हात काढायचे, घासलेटने धुवायचे, कुठे केसाएवढी चीर गेलीय का पाहायचं, आणि पुन्हा पुढून मागे एकेक नट आवळत यायचं. चाकं सरळ आहेत का ते पाहायला गाडीच्या दोन्ही बाजूंनी सूत ताणून बांधायचं. बाजारचा दोरा ह्यांना चालेना, म्हणे लोंबतो. मग मी वातींसाठी जपून ठेवलेलं मिलचं सूत दिलं. शेवटचं बंडल होतं. मिल गेली, पण तिच्या सुतावर मालोजीरावांची गाडी सरळ धावत होती, ह्याचं मला फार अप्रूप वाटे.

त्याच वर्षी मालोजीरावांनी दुकानात हिशेबासाठी कंप्युटर आणला, आणि मुंबईहून कुणाकडून तरी त्याला जोडायचं खेळण्याचं स्टिअरिंग. दुकान बंद झालं की पडद्यावर रेस लावायचे. "प्रॅक्टिस आहे मिस्तरी, इंदूरमध्ये ट्रॅक कुठाय?" एकदा ह्यांना शेजारी बसवलं. गाडी पडद्यावरच्या भिंतीला धडकली, चाकं उडाली. मालोजीरावांनी एक बटण दाबलं, गाडी पुन्हा अख्खी. हे घरी आल्यावर म्हणाले, "बरी आहे. पण तिला मिस्तरी लागत नाही."

सत्त्याण्णवच्या दसऱ्यानंतर मद्रासला रेस होती; नाव बदलून चेन्नई झालं होतं, आमच्या तोंडी मद्रासच. मालोजीरावांची पहिली. गाडी दसऱ्याच्या सकाळी ट्रकवर चढणार, हे बरोबर जाणार. त्यात एक गोम होती. मालोजीरावांच्या भावाचं म्हणणं पडलं की मुंबईचा रेसवाला मेकॅनिक बोलवावा, मिलच्या माणसाच्या भरवशावर जीव कशाला घालतोस. मालोजीराव म्हणाले, ही एक रेस मिस्तरींची. गाडीने धड रेस पुरी केली तर पुढेही तेच, नाहीतर मुंबईवाला. हे ह्यांना माहीत होतं. नवरात्रभर मी उपास केले ते ह्याच एका मागण्यासाठी. ह्यांना परत ओट्यावर बसलेलं मला बघायचं नव्हतं.

खंडेनवमीला गोदामात पूजा ठेवली. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: हत्यारं धुऊन पाटावर मांडायची, पूजा करायची, आणि मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मिलमध्येसुद्धा त्या दिवशी यंत्रं थांबत. म्हणून ह्यांनी सकाळी सातलाच काम धरलं होतं, पूजेआधी सगळं आवळून व्हावं म्हणून.

मी साडेअकराला शिरा आणि पूजेचं ताट घेऊन पोचले तर गोदामात एकटे मालोजीराव. म्हणाले, "लक्ष्मीकांत जॉबरांना दवाखान्यात नेलंय, छातीत दुखतंय. निरोप आला तसे मिस्तरी पळाले. म्हणाले, पूजा वहिनींना करू द्या, मुहूर्त चुकवू नका."

मी पूजा केली. ह्यांचे नट आवळायचे पाने धुऊन पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. मग गाडी. तिच्या नाकावर स्वस्तिक काढलं. पाहते तर पुढच्या बाजूच्या सगळ्या नटांवर ह्यांचे लाल ठिपके, आणि मागच्या बाजूचे कितीतरी नट कोरे. मला वाटलं, घाईत गेले बिचारे, अर्धी गाडी देवाची बोटं लागल्याशिवाय राहिली. तेलात कुंकू कालवलं आणि वाकून, गुडघ्यावर बसून, हात घालून घालून एकेक कोरा नट शोधला आणि प्रत्येकाला ठिपका दिला. अगदी ह्यांच्यासारखा, बाजूला किंचित ओढलेला. मनात म्हटलं, बघून खूश होतील.

हे चारच्या सुमारास घरी आले. जॉबरकाकांचा जीव वाचला होता. पाणी प्यायले, पाय पसरून बसले.

"येताना गोदामात डोकावलो," म्हणाले. "दिवसभर मनात धाकधूक होती. निघालो तेव्हा कुठपर्यंत आलो होतो काही आठवेना. डोक्यात नुसते काका. पण बरं झालं, सगळं आवळून झालं होतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? ठिपके आहेत ना."

मी ताट मांडत होते, तशीच थांबले. "ठिपक्यावरून काय कळतं?"

हे माझ्याकडे बघून हसले. "बावीस वर्षं बघतेस आणि विचारतेस? नट पुरा आवळला की ठिपका. आवळल्याशिवाय नाही. मध्येच कुणी हाक मारली, उठून गेलो, तरी परत आल्यावर जिथे ठिपके संपले तिथून पुढे सुरू. काकांनी शिकवलेलं. तीस वर्षांत न आवळता एक ठिपका लावलेला नाही मी."

माझ्या हातातली वाटी खाली ठेवली ते मला आठवतं. बावीस वर्षं मी समजत होते की ही ह्यांची पूजा आहे. मी चुलीला कुंकू लावते, जात्याला लावते, तसं हे नटाला लावतात. मैत्रिणींना सांगायचे, आमचे हे देवळात येत नाहीत पण लोखंडात देव बघतात. आणि त्याच भक्तीने मी मालोजीरावांच्या गाडीच्या मागच्या दोन चाकांवर खोटी साक्ष लावून आले होते.

खरं लिहायचं तर एक क्षण मनात आलं की बोलू नये. सकाळी लवकर जाऊन पुसून टाकावं. पण सकाळी ट्रक होता.

"अहो," मी म्हटलं, "मागचे ठिपके माझे आहेत. कुंकवाचे. कोरे दिसले म्हणून लावले."

हे पाय आखडून ताठ बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"किती?"

"मोजले नाहीत."

"कुठले कुठले?"

"मागच्या बाजूचे. पण नक्की कुठून पुढे ते..." मला रडू यायला लागलं. "तेलात कालवलं ना, अगदी तुमच्यासारखेच दिसताहेत."

हे उठले, चपला घातल्या. मग दारातच थबकले, आणि मला कळलं का. पाने पाटावर होते. पूजेतले. उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. हे देवळात जात नसतील, पण मिलमधली तेवीस वर्षं आणि नंतरची सहा, खंडेनवमीला ह्यांनी कधी पाना उचलला नव्हता. जॉबरकाकांची शिस्त होती ती.

"चला," मी म्हटलं. "पाना मी उचलून देते."

"पूजा तूच केलीस. आणि तूच मोडणार?"

"नवमीलाच देवीने शस्त्र धरलं होतं ना? ते काय पाटावर ठेवायला?"

टेम्पोने सियागंज गाठलं. दुकानं बंद, सगळीकडे झेंडूचा सडा. मालोजीराव गोदामाच्या दारातच खुर्ची टाकून बसले होते. हे सरळ त्यांच्यासमोर उभे राहिले.

"गाडी पुरती आवळलेली नाही. मागचं काम अर्ध्यावर राहिलं होतं. ठिपके दिसले म्हणून मी न तपासता कुलूप लावून गेलो. चूक झाली."

"लावले मी होते," मी मागून म्हटलं.

"गाडी माझ्या हाताखाली आहे," हे मागे न बघता म्हणाले. "माझा ठिपका मला ओळखू येत नसेल तर तो दोष माझा."

मालोजीराव उठले, आत गेले, मागच्या चाकाशी वाकले. एक नट नुसत्या बोटांनी धरून फिरवला. फिरला. लाल ठिपक्यासकट फिरला. ते टायरवर टेकले.

"वहिनी," म्हणाले, "ह्याच्यावर बसून मी दीडशेने जाणार होतो."

मी पाटापाशी गेले, देवीची माफी मागितली, झेंडू बाजूला सारला आणि सगळ्यात मोठा पाना उचलून ह्यांच्या हातात दिला. मग पदर खोचला, घासलेटचं फडकं घेतलं, आणि गाडीच्या नाकापासून शेपटापर्यंत एकूण एक ठिपका पुसला. ह्यांचेसुद्धा. हे म्हणाले, "सगळे पूस. आज एकाचाही भरवसा नाही." मग पुढून सुरुवात केली. हे आवळत, दोनदा जोर देऊन बघत, "हां" म्हणत. तो "हां" ऐकला की गेरूत बोट बुडवून मी ठिपका लावत होते, ह्या वेळी ह्यांची नक्कल न करता, माझा आपला गोल. मालोजीराव बल्ब धरून उभे होते. मागच्या बाजूला आलो तेव्हा कळलं, अकरा नट नुसते हाताने बसवलेले होते. अकरा. संध्याकाळच्या दिवेलागणीपर्यंत शेवटचा झाला.

हात धुताना हे मालोजीरावांना म्हणाले, "मुंबईला फोन करायचा असेल तर अजून एसटीडी बूथ उघडं असेल."

मालोजीराव म्हणाले, "मिस्तरी, मुंबईवाल्याने मला हे येऊन सांगितलं असतं?"

"ते मला काय माहीत."

"मलाही नाही माहीत. म्हणून नको." आणि शिऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण काढून म्हणाले, "हा नैवेद्य झाला ना दाखवून? मग वाढा ना वहिनी, भूक लागली!"

दसऱ्याला ट्रक गेला. हे दहा दिवसांनी परत आले, काळे पडून, नव्या उत्साहात. मी एरवी खोदून विचारत नाही, त्या दिवशी विचारलं. रेसच्या आधी तिथले तपासनीस प्रत्येक गाडीला स्वतःचा पाना लावून बघतात म्हणे. आमच्या गाडीवर ते लाल ठिपके पाहून वाकले, पाच-सहा ठिकाणी जोर लावून पाहिला. एकही हलला नाही. मग सहायकाला बोलावून काहीतरी इंग्रजीत सांगितलं. मालोजीरावांनी अर्थ सांगितला: बाकीच्यांनाही असं करायला सांगा.

चौदा गाड्या सुटल्या. पाच मध्येच बंद पडल्या. मालोजीराव सहावे आले. सखूबाई म्हणाली, "सहावे? मग काय पेढे वाटताय?" मी तिला दोन पेढे जास्त दिले. तिला काय सांगायचं, की मी नवरात्रभर पहिला नंबर मागितलाच नव्हता. चारही चाकं परत मागितली होती.

त्यानंतर ह्यांनी पुन्हा कूलर उघडला नाही. पुढच्या सालापासून भोपाळची एक आणि नागपूरची एक अशा दोन गाड्या मोसमाआधी ह्यांच्याकडे यायला लागल्या. साडेपाचला उठतात, अंघोळ करतात, दारात उभे राहतात, आणि डबा घेऊन जातात.

त्या हिवाळ्यात लक्ष्मीकांत जॉबर काठी टेकत गोदामात आले. आजारपणानंतर पहिल्यांदाच घराबाहेर. मी चहा घेऊन गेले होते; दसऱ्यानंतर ह्यांच्या "हां"वर ठिपके लावायला मीच बसायचे. काकांनी गाडीभोवती एक फेरी घातली. मग मागच्या डाव्या चाकाशी वाकले आणि हात पुढे केला. ह्यांनी निमूट पाना दिला. ऐंशीच्या घरातला माणूस, पण सगळं अंग टाकून जोर लावला. नट हलला नाही. काकांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला, डोळ्याजवळ नेला.

"हा तुझ्या हातचा नाही," म्हणाले. "तू बाजूला ओढतोस. हा गोल आहे. कुणी लावला?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत चारचौघांत ह्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"हिने," हे म्हणाले. "मी हां म्हटल्यावर."

काकांनी पाना परत दिला आणि चहाचा कप घेतला. म्हणाले, "मग ठीक आहे."

त्या संध्याकाळी वहीत मी काकांचे ते तीन शब्द लिहिले, आणि तेवढंच पुरे म्हणून त्याखालची ओळ कोरी सोडली.